कमानीचा शिकंजा

माझे वडील दौलतराव खराडे होळकर सरकारच्या शस्त्रकोठीत मिस्त्री होते. लढाईच्या कामाच्या बंदुका त्यांच्याकडे नव्हत्या. शंभर वर्षांपूर्वी फौजेनं वापरलेल्या बहात्तर टोपीदार बंदुका त्यांच्या ताब्यात होत्या. त्यात तोंडाकडून दारू भरायची, गजानं ठासायची, मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा पाडायचा. दसऱ्याच्या स्वारीत शिपाई त्या खांद्यावर घेऊन चालत, सलामीचे बार होत, आणि स्वारी संपली की पुढच्या दसऱ्यापर्यंत त्या बंदुका वडलांच्या. आम्ही मुली त्यांना आबा म्हणत असू. इंदूरला कृष्णपुऱ्यात, नदीकाठच्या राजघराण्याच्या छत्र्यांमागं आम्ही राहायचो, तिथं ते सगळ्यांचे खराडे मिस्त्री.

बंदुकांबरोबर विलायतेहून एक लाकडी पेटी आली होती. तिच्यात पाच हत्यारं. बोंड फिरवून काढायची चावी, बंदुकीचा कान, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, साफ करायची सुई, अडकलेली गोळी काढायला गजाच्या टोकाला लावायचं मळसूत्र, जुन्या अरुंद खाचांच्या स्क्रूंसाठी पातळ धारेचा पेचकस, आणि पाचवा कमानीचा शिकंजा. घोड्याला झेप देणारी जी पोलादी कमान आत असते, ती काढण्याआधी दाबून धरावी लागते. हातानं दाबायला गेलं तर बोट चेचतं, नाहीतर कमानच मोडते. म्हणून तो वीतभराचा शिकंजा, हळूहळू आवळायचा. आबा म्हणायचे, "बंदूक उघडणारे पुष्कळ मिळतात. उघडून परत बंद करणारा दाखवा."

ते स्वतः तसे होते. आणि तसा आणखी एकच माणूस होता, त्यांच्या हाताखालचा संताजी ढोबळे. इंदूरजवळच्या सांवेरचा राहणारा, आबांपेक्षा दहा वर्षांनी लहान, सतरा वर्षं कोठीत. बोलायला कमी, कानस चालवायला लागला की मात्र बघत राहावं. सणावारी तो आमच्या घरी जेवायला असे आणि आईच्या अडकित्त्याला धार लावून दिल्याशिवाय उठत नसे.

महायुद्धाच्या दिवसांत विलायतेहून काही येईनासं झालं. पेटीतली हत्यारं झिजली होती. शिकंज्याचा जबडा तर इतका गुळगुळीत झाला होता की कमान निसटायची. संताजीनं काय केलं, तर सुट्टीच्या दिवशी घरी बसून पाचही हत्यारांच्या नकला केल्या. वर्ष लागलं त्याला. त्रेचाळीस साली, दसऱ्याच्या आधी, त्यानं त्या कापडात गुंडाळून कोठीवर आणल्या आणि आबांसमोर ठेवल्या. नेमके त्याच वेळी कोठीचे कप्तान तिथं आले. त्यांनी शिकंजा उचलला, एका बंदुकीची कमान स्वतःच्या हातानं काढून पाहिली, घातली. म्हणाले, "खराडे, जुना ठेवून द्या. अब से यही चलाओ. आणि तुमच्या मागं कोण, ही काळजी मिटली."

हे शेवटचं वाक्य मला पुढं अकरा वर्षांनी कळलं. त्या संध्याकाळी मला एवढंच दिसलं की आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली, "लीला, दौत-टाक घे."

मी चौदा वर्षांची होते. माझं अक्षर चांगलं म्हणून घरातले सगळे अर्ज मीच लिहायची. आबा सांगत गेले, मी लिहीत गेले. संताजी ढोबळे यांनी सरकारी हत्यारं परवानगीशिवाय कोठीबाहेर नेली. सरकारी पोलाद वापरून त्यांच्या नकला केल्या. इथं मी थांबले. विचारलं, "आबा, पोलाद चोरलं लिहू का घेतलं लिहू?"

ते बाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "चोरलं लिही."

मी लिहिलं.

चौकशी दोन दिवसांत झाली. कप्तानांना वाईट वाटलं म्हणतात, पण कोठीच्या मिस्त्रीचीच लेखी तक्रार. ते काय करणार? संताजी चौकशीत स्वतःच्या बाजूनं काहीच बोलला नाही. हत्यारं बाहेर नेली का, तर हो. पोलाद कुठलं, तर खाली मान. त्याला काढून टाकलं आणि नकला मोडून टाकायचा हुकूम झाला. त्या आबांनाच मोडाव्या लागल्या, संताजी समोर उभा असताना. चार हत्यारं एकेका घावात गेली. शिकंजा तीन घाव पडले तरी तुटेना. चौथ्याला तुटला.

त्यानंतर संताजी आमच्या घरी आला नाही. आईनं एकदा विचारलं, "संताजी आता काय करतो?" आबा म्हणाले, "गावी असेल." ते नाव घरातून गेलं.

अठ्ठेचाळीस साली संस्थान गेलं, मध्य भारत झालं. पुढं पन्नास साली फौज भारत सरकारकडे गेली. तरणे शिपाई घेतले गेले, आबांचं वय झालेलं, त्यांना घरी बसायला सांगितलं. कोठी रिकामी करायची होती. कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती भंगारात द्यायची, याची यादी करायचं शेवटचं काम त्यांच्याकडेच आलं. त्या पेटीपुढं आबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "निरुपयोगी लोखंड." मला त्यांनी हे नंतर सांगितलं, तेव्हा म्हणाले, "राग आला होता. वाटलं, मीच नको तर ही कशाला? बंदुकाही वितळवणारच होते." पेटी भंगारात गेली. बंदुका मात्र कोणी वितळवल्या नाहीत. कुठल्या तरी साहेबानं त्या कुलपात ठेवल्या आणि विसरून गेला.

चौपन्नच्या पावसाळ्याआधी एक दिवस अच्युत आगाशे नावाचे अधिकारी आमच्या दारात आले. तिशीतले, चष्मा, सायकल भिंतीला टेकवून आत आले आणि आबांच्या पाया पडले. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. सुट्टीचा दिवस म्हणून घरी होते. ते म्हणाले, "खराडेजी, सरकारनं त्या जुन्या बंदुका संग्रहालयाच्या दालनात मांडायचं ठरवलंय. गंज चढलाय. घोडे अडकलेत. सगळे म्हणतात, हे काम एकच माणूस करू शकेल."

आबांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. चार वर्षं रिकामा बसलेला माणूस. त्यांनी लगेच विचारलं, "हत्यारं?"

"हत्यारं तुम्हाला माहीत असतील ना कुठं आहेत ती?"

आबा म्हणाले, "बघतो."

इथून त्यांची शोधाशोध सुरू झाली. पहिल्यांदा ते सियागंजातल्या भंगारवाल्यांकडे गेले. एक महिना रोज. कुणाच्या गोदामात जुनी कुलुपं, कुणाच्या गोदामात रेल्वेचे खिळे. एका म्हाताऱ्या कबाड्यानं सांगितलं, "भिया, पन्नासचा माल? वो तो कब का गल गया." मग आगाशेसाहेबांनी विलायतेत एका जुन्या बंदूकवाल्यांच्या दुकानाला पत्र धाडलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की अशी हत्यारं आता कोणी करत नाही. तुमच्याकडे जुनी निघाली तर आम्हाला कळवा, आम्हीच घेऊ. साहेब हसले. आबा हसले नाहीत.

मग नकला करवून घ्यायच्या ठरल्या. लोहारपट्टीत एकानं बोंडाची चावी केली, तिचं तोंड पहिल्याच पिळाला फाकलं. बाजारातला पेचकस जुन्या खाचेत बसेना. जोर लावला तर खाच खरवडायची. एका मिलमधल्या फिटरनं आबांच्या सांगण्यावरून शिकंजा केला. दिसायला सुबक, चकचकीत. आबांनी तो एका बंदुकीला लावला, आवळला. जबडा किंचित वाकला आणि कमान सुटून तुटली. मी शेजारी उभी होते. तुटल्याचा आवाज फार झाला नाही. आबांनी दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांना जुळवून पाहिले आणि रुमालात बांधले.

"इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "माझ्या हातानं एक कमान मोडली नव्हती."

घरी येताना पुलावर ते थांबले. "लीला, रविवारी सुट्टी आहे नं तुला? सांवेरला जायचंय."

मी विचारलं नाही कशाला. मला कळलं होतं.

सांवेरला बसमधून उतरलो आणि विचारत विचारत गेलो. गावाच्या टोकाला, चिंचेखाली, संताजीचं काम चाललं होतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवत होता. केस पांढरे झाले होते. आम्हाला पाहून त्यानं हातातलं काम टाकलं नाही. धाव बसवली, पाणी ओतलं, वाफ निवू दिली आणि मग हात पुसत आला.

"या मिस्त्री."

"ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं? बसा." त्यानं घराकडे हाक दिली, "पाहुणे आलेत, पाणी आण."

आबांनी खिशातून रुमाल काढला आणि कमानीचे तुकडे त्याच्यापुढं उघडले. संताजीनं एक तुकडा उन्हात धरला.

"कोणी दाबली?"

"मीच."

"कशानं?"

आबांनी मिलमधला शिकंजा दाखवला. संताजीनं जबड्यावरून अंगठा फिरवला. "पोलादाला पाणी कच्चं दिलंय," तो म्हणाला. बाकी काही नाही.

मग आबांनी सगळं सांगितलं. साहेब, दालन, भंगार, विलायतेचं पत्र. पेटी भंगारात त्यांनीच घातली, हे सांगितलं नाही. शेवटी विचारलं, "तुला मापं आठवतात का?"

"एकदा बनवली होती," संताजी म्हणाला. "ती तुटल्यावर पुष्कळ दिवस डोक्यातच बनवत होतो. झोपच नाही यायची, मग करणार काय? आठवतात."

"करशील?"

त्यानं चाकाच्या धावेवरून एकदा हात फिरवला. "करीन. इंदूरला मात्र येणार नाही. तुम्ही इथं या."

मी आत गेले होते. संताजीची बायको भानुमतीबाई चहा टाकत होत्या. मला त्यांनी पाट दिला, गूळ-शेंगदाणे पुढं ठेवले. माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या, "हे करतील तुमचं काम. नाही म्हणणं यांना जमतच नाही. पण बाई, तुला सांगून ठेवते. नोकरी गेल्यावर हे पाच वर्षं फिरले. मिलमध्ये, रेल्वेत. हात बघून सगळे खूष, मग दाखला मागायचे. दाखल्यावर चोरी लिहिलेली. मग वापस. माझ्या सासऱ्यांनी तर गेले तोवर यांच्याशी बोलणं टाकलं होतं. शिपायाच्या घरात चोर, म्हणायचे." चहा गाळून त्या वळल्या. "हे म्हणतात, तक्रारीचं अक्षर मात्र फार सुरेख होतं. मोत्यासारखं."

मी चहा घेतला. गोड होता, आलं घातलेला.

परतीच्या बसमध्ये मी आबांना विचारलं, "पोलाद कुठलं होतं?"

त्यांनी तिकिटं घडी करून खिशात ठेवली. मी पुन्हा विचारलं.

"बग्गीची तुटकी कमान होती," ते म्हणाले. "सियागंजातून घेतली त्यानं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी बरोबर होतो. मीच निवडून दिली."

बस थांबली, दोन माणसं चढली, एक कोंबडी. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग आबांनी कप्तानांचं ते वाक्य सांगितलं. "सगळ्यांच्या देखत बोलले गं. तुमच्या मागं कोण, ही काळजी मिटली. मी पन्नाशीचा होतो. मला वाटलं, उद्याच मला काढतील. त्याचा शिकंजा माझ्या जुन्या शिकंज्याहून चांगला होता, लीला. कमान घेताना आवाजसुद्धा नाही व्हायचा."

"मग चौकशीत तो का नाही बोलला, की तुम्ही बरोबर होतात?"

"तेच मला कळत नाही," आबा म्हणाले.

त्यानंतर आठ रविवार आम्ही सांवेरला गेलो. शेतांत गहू वर येत होता. आबा सकाळी नव्या टोपीत तयार असत आणि बसमध्ये मला सांगत, "आज बोलतो त्याच्याशी." तिथं पोचलं की कानशी, निखारे, मापं यातच दिवस जाई. दोघांची जुनी भाषा परत आली. "जरा मार." "बस." "आणखी केसभर." आबा भाता ओढायचे, साठी उलटलेले, कोठीचे मिस्त्री, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता. चावी झाली, सुई झाली, मळसूत्र झालं. पेचकसाची धार संताजीनं इतकी पातळ आणली की मी तो कागदाच्या घडीत घालून पाहिला.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी आबा म्हणाले, मापं लिहून ठेवू, पुढं कुणाला लागतील. संताजी सांगू लागला, मी वहीत लिहू लागले. दोन ओळी झाल्या आणि तो सांगायचा थांबला. मी वर पाहिलं. तो वहीकडे बघत होता, मग माझ्याकडे. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. काका, ते मीच लिहिलं होतं, एवढं तरी. तो म्हणाला, "लिहा बाई. जबडा, सव्वा बोट." मी लिहिलं.

शिकंज्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. पोलाद तापवून तेलात बुडवायचं, मग पुन्हा मंद तापवत रंगाकडे बघत बसायचं. पिवळा जाऊन जांभळा येतो, जांभळ्यामागून निळा, आणि निळा येतोय असं वाटतं त्या क्षणी बाहेर काढायचं. एक क्षण आधी तर तो तडकणार, एक क्षण उशिरा तर वाकणार. पहिला संताजीनं स्वतःच मोडून टाकला. दुसरा काढला तेव्हा आबा त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले होते आणि दोघं एकदमच म्हणाले, "काढ."

आठव्या रविवारी पाचही हत्यारं कापडात बांधून संताजीनं आबांच्या हातात दिली. आबांनी ती छातीशी धरली. ओठ हलले. संताजी वाट बघत होता, असं मला वाटलं. तेवढ्यात रस्त्यावर बसचा भोंगा वाजला आणि आबा म्हणाले, "येतो रे." आम्ही निघालो.

हत्यारं उत्तम चालली. हिवाळाभर आबांनी बहात्तर बंदुका उघडल्या आणि बंद केल्या. तुटली होती तिच्या जागी संताजीनं नवी कमान करून दिली. पंचावन्नच्या मार्चमध्ये दालन उघडायच्या आदल्या दिवशी आगाशेसाहेब हत्यारांच्या काचपेटीजवळ आले. विचारलं, "खराडेजी, ही बनवली कुणी?"

"सांवेरला करून घेतली."

"कुणाकडून?"

"आहे एक लोहार," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेटीवर पाटी होती. जुन्या हत्यारांच्या प्रतिकृती, दौलतराव खराडे यांनी तयार केलेल्या. लोक येत होते, पाटी वाचत होते, आबांकडे बघत होते. कुणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान फिरवली. घरी आल्यावर त्यांनी हार खुंटीला अडकवला आणि अंगणात जाऊन बसले. मी बाहेर जाऊन म्हणाले, "आबा, आता दुसऱ्यांदा झालं."

"माहीत आहे," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते आगाशेसाहेबांकडे गेले, मला बरोबर घेऊन, आणि सगळं सांगितलं. पेटी भंगारात कुणी घातली तेही. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "पाटी बदलायला माझी ना नाही हो. पण चोरीसाठी काढलेल्या माणसाचं नाव सरकारी पाटीवर लावलं तर उद्या कोणीतरी कागद काढील, आणि त्याचीच परत बदनामी होईल. आधी तो शेरा काढून घ्या. अर्ज करा. पण मग तुम्ही खोटं लिहिलंत हे तुमच्याच सहीनं येईल."

"येऊ दे."

अर्ज मीच लिहिला. आबांनी सांगितलं, "तक्रार खोटी होती, असं लिही. गैरसमज नको लिहू." खाली सही केली.

मध्य भारताचा कारभार तेव्हा असा होता की सहा महिने राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दप्तरं गाड्यांत भरून इकडून तिकडं. आबा इथं चौकशीला गेले की कळे, कागद ग्वाल्हेरला आहे. तिथं पत्र पाठवलं की उत्तर येई, उन्हाळ्यात इंदूरला विचारा. उन्हाळ्यात विचारलं की गठ्ठा सोडलेला नसे. दीड वर्ष गेलं. त्या काळात ते सांवेरला गेले नाहीत. म्हणायचे, "कागद घेऊनच जाईन. नुसतं तोंडानं काय सांगू?" मी एकदा म्हणाले, तोंडानंच सांगायचं असतं. त्यांना ते पटलं नाही, का धीर झाला नाही, कोण जाणे.

छप्पनच्या सप्टेंबरात, मध्य भारत मोडून भोपाळला राजधानी जायची ठरली तेव्हा, जुने गठ्ठे बांधताना आमचा अर्ज कुणाच्या तरी हाती आला असावा. उत्तर आलं. अर्जात उल्लेखिलेल्या नावाची व्यक्ती सदर शस्त्रकोठीत सेवेत असल्याचं उपलब्ध दप्तरावरून आढळत नाही. सबब शेरा रद्द करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अर्ज निकाली.

आबांनी ते तीनदा वाचलं. "म्हणजे काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मी समजावलं. त्यांना समजलं होतंच.

तो कागद घेऊन आम्ही सांवेरला गेलो. संताजी तेलाचं इंजिन खोलून बसला होता. आता लोक मोटेऐवजी विहिरीवर इंजिनं बसवायला लागले होते. त्यानं हात पुसले, कागद वाचला, एकदा आबांकडे पाहिलं.

"सतरा वर्षं," तो म्हणाला. "मग मी तिथं नव्हतोच म्हणा की."

आबा उभेच होते. म्हणाले, "संताजी, पोलाद चोरीचं नव्हतं. मला त्याच दिवशी माहीत होतं."

"मलाही ठाऊक होतं, तुम्हाला माहीत आहे ते."

"मग बोलला का नाहीस? मी बरोबर होतो, हे सांगायचं होतंस."

"मला वाटलं, तुम्ही सांगाल," संताजी म्हणाला. "दोन दिवस वाट बघितली. मोडायला हातोडा उचललात, तोवर वाट बघत होतो."

आबांनी दोन्ही हात जोडले. त्यांना रडू येत होतं आणि ते आवरायचा प्रयत्नही करत नव्हते. संताजीनं ते हात धरून खाली केले. "असं नका करू, मिस्त्री. बाई समोर आहे." मग त्यानं कागद घडी करून परत दिला. "हा तुमच्याकडेच असू द्या. मला काय करायचाय?"

आम्ही चहा घेतला. निघताना आबा म्हणाले, "पुढच्या रविवारी येऊ?" संताजी इंजिनाकडे वळला होता. "कापणीचे दिवस आहेत," तो म्हणाला. "इंजिनं फार येतात. फुरसत नाही मिळायची."

ते खरंही असेल. आबा पुन्हा गेले नाहीत.

नोकरीच झाली नाही तर शेराही नाही, असं म्हणून आगाशेसाहेबांनी पाटीवर संताजीचं नाव घालायचं ठरवलं होतं, पण नोव्हेंबरात नवं राज्य झालं, त्यांची बदली जबलपूरला झाली, आणि जाण्यापूर्वी आबांचं नाव काढून ते पाटीवर नुसतं "स्थानिक कारागीर" लिहून गेले. नंतर आलेल्या साहेबांकडे मी दोनदा गेले. त्यांनी कागद मागितला, आणि कागदात तर असा माणूसच नव्हता.

आबा साठ साली गेले. शेवटचं वर्षभर ते अंथरुणाला होते. संताजीचं नाव त्यांनी एकदाच काढलं. म्हणाले, त्याला कळव. मी विचारलं, काय कळवू? त्यांना सांगता आलं नाही. तेराव्यानंतर मी एकटी सांवेरला गेले. चिंचेखाली दुसऱ्याच कुणाचं तरी काम चाललं होतं. भानुमतीबाई दारात धान्य निवडत होत्या, कपाळ रिकामं. संताजी दीड वर्षापूर्वीच गेला होता, तापानं, चार दिवसांत.

मी म्हणाले, "आम्हाला कळवलं असतं तर..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. "कुणाला कुणाला कळवायचं ते ठरवत होतो," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुमचं नाव मनातच आलं नाही, बाई."

मी त्यांच्यापाशी बसले आणि सुपातलं थोडं धान्य निवडू लागले. त्यांनी नको म्हटलं नाही. ती तक्रार मी लिहिली होती, हे सांगायचं मी ठरवून गेले होते. बसची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी खडे काढत राहिलो, आणि मग मी उठले.